एक नग, जिवंत

लग्नकार्यात कोणी विचारलं, की बाई, तुम्ही नोकरी कुठं करायच्या, तर मी आधी नुसतं 'ऑफिसात' म्हणून सुटका करून घेते. खोलात शिरलं की पंचाईत होते. परदेशातून माल आणायचा किंवा पाठवायचा असला की त्याचे सरकारी कागद करून देणारी ऑफिसं असतात, त्यातल्या एका ऑफिसात होते, असं सांगितलं की समोरच्या बाईच्या डोळ्यांपुढं सोन्याची बिस्किटं यायला लागतात. मग ती माझ्या साध्या साडीकडे बघते, गळ्याकडे बघते आणि विषय बदलते. मासोळ्यांचं तर मी कोणाला सांगतच नाही. आज इथं सांगते, कारण संपादकांनी पानं दिली आहेत आणि मी आता रिटायर झाले आहे, कोणाच्या बापाला भीत नाही.

आमचं ऑफिस वर्धा रोडवर. संत्री बाहेर जायची, यंत्रांचे सुटे भाग आणि भंगार आत यायचं. जिवंत मालाला आमच्याकडे कोणी हात लावत नसे, कारण जिवंत माल मरतो. भंगार बंदरात महिनाभर पडून राहिलं तरी ते भंगारच राहतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. एकदा शोभेच्या मासोळ्यांची एक चौकशी आली. त्या दिवशी ऑफिसातले सगळे एका लग्नाला गेले होते आणि मी एकटीच टेबलाशी होते. मालकांनी तो कागद माझ्यासमोर टाकला. तेव्हापासून मी त्या विषयातली तज्ज्ञ. आपल्याकडे तज्ज्ञ असेच तयार होतात, दुसरी पद्धत मी तरी पाहिली नाही.

आता नियम साध्या भाषेत सांगते. ते बदलत असतात, तेव्हा हा लेख दाखवून विमानतळावर भांडू नका. सरकारच्या लेखी घरचा पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा आणि मांजर. परदेशातलं घर आवरून येणारा माणूस आपला कुत्रा सोबत आणू शकतो. कागद लागतात, पण वाट आहे. मासोळीला ती वाट नाही. तुमच्या पोरानं तिला मांडीवर जोजवलं असलं तरी ती माल. माल म्हटला की आणणारा आयातदार, आणि आयातदार म्हटला की त्याला आयातदाराचा सरकारी नंबर पाहिजे. मासोळी तिकडून निघायच्या आधी दिल्लीच्या कार्यालयाचा परवाना पाहिजे. परवान्यावर तिचं शास्त्रीय नाव, आणि ते मंजूर यादीत असलेलं. तिकडच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला पाहिजे. ती उतरणार ती मोजक्या विमानतळांवर, जिथं जनावरं तपासायची सोय आहे; त्यात नागपूर नाही. आणि शेवटी विलगीकरण. म्हणजे आल्यावर काही आठवडे तिला वेगळ्या जागी, कोणाच्या संपर्कात न आणता ठेवायची, तीही आपल्या खर्चानं. तिच्यासोबत पिशवीत आलेलं पाणीसुद्धा औषध टाकल्याशिवाय मोरीत ओतायचं नाही. मेली तर फेकायची नाही, कळवायचं.

यातला एकही नियम वेडगळ नाही, हे मी शपथेवर सांगते. परदेशी मासोळीबरोबर रोग येतात, ते तळ्यात शिरले की इथल्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरून जगणाऱ्यांच्या, पोटावर पाय. एकेक नियम शहाण्या माणसानं केलेला आहे. फक्त ते सगळे शहाणे एका खोलीत कधी बसलेले नाहीत.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकाहून एक. गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेठला वास्तुवाल्यानं सांगितलं होतं, की ईशान्येला सोनेरी ड्रॅगन मासोळी ठेवा, धंदा उसळेल. ती मासोळी इतकी दुर्मीळ, की तिच्या अंगात ओळखीची चिप बसवलेली असते आणि तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराचा वेगळा कागद लागतो. शेठनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की कापडाच्या थानांच्या गठ्ठ्यात गुंडाळून आली तर नाही चालणार का. मी म्हटलं, शेठजी, मासोळीसोबत तुम्हीही आत जाल. शेवटी त्यांनी बॅटरीवर पोहणारी प्लॅस्टिकची मासोळी ईशान्येला ठेवली. दिवाळीला पेढे घेऊन आले. धंदा उसळला म्हणे. काटोलचा एक संत्रा बागाईतदार शेततळ्यातल्या डासांसाठी थायलंडहून गप्पी मासे मागवायचे म्हणून बसनं आला होता. मी त्याला म्हटलं, दादा, बादली घेऊन तुमच्या आरोग्य केंद्रात जा, तिथं फुकट देतात. तो इतका दुखावला, की चहा न घेताच उठून गेला. इम्पोर्टेड पाहिजे होते त्याला.

अशा लोकांत आबा खानझोडे आले.

आबा एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, राहणार त्रिमूर्तीनगर. जानेवारीतली सकाळ, अंगात हातविणीचं स्वेटर, काखेत हिरव्या नाडीनं बांधलेली फाइल. बसायच्या आधीच म्हणाले, 'अर्ज तयार करून आणला आहे. त्रुटी असल्यास सांगा.' मी फाइल उघडली. पृष्ठांकन केलेलं, अनुक्रमणिका लावलेली. आयात करावयाचा माल: सोनेरी मासोळी. नगसंख्या: १ (एक फक्त). आयातीचे कारण: नातीस दिलेला शब्द.

मला हसू आवरेना. आबा मात्र हसले नाहीत.

हकीकत अशी होती. आबांचा मुलगा सिंगापूरला नोकरीला होता. तिकडची नोकरी अचानक गेली, घर भराभर रिकामं करावं लागलं, आणि नऊ वर्षांच्या सईला शाळा, मैत्रिणी, खोली सगळं सोडून यावं लागलं. मुलाला आणि सुनेला पुण्यात काम मिळालं, पण घराचा पत्ता नव्हता, म्हणून सई जूनपर्यंत नागपूरला आजी-आबांकडे. तिची मासोळी, डब्बू तिचं नाव, तिकडे शेजारणीकडे राहिली. आईबापानं 'नंतर आणू' म्हणून वेळ मारून नेली होती. पोरगी कच्च्या गुरूची चेली नव्हती, तिला ते कळलं. नागपूरला आल्यावर तिनं आबांना विचारलं, 'तुम्ही ऑफिसर होता ना?' आबा हो म्हणाले. 'मग तुम्ही आणू शकता.' आबांनी शब्द दिला. जूनमध्ये ती पुण्याला जाईल ती डब्बूला घेऊन जाईल.

मी त्यांना जे सगळ्यांनी सांगितलं तेच सांगितलं. आबा, ही साधी गोल्डफिश आहे. बर्डीच्या बाजारात तर्री-पोह्याच्या पैशात मिळते. उद्या सकाळी घेऊन या, पोरीला सांगा डब्बू आला. आबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्या मासोळीला एकच डोळा आहे. दुकानात मोठ्या मासोळीनं दुसरा खाल्ला होता, म्हणून तिला कोणी घेत नव्हतं, आणि सईनं मुद्दाम तीच घेतली. मग चष्मा परत लावून म्हणाले, 'आणि मॅडम, दोन डोळ्यांची असती तरी मी असं केलं नसतं. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी तिला खोटं सांगून झालं आहे. आता मी एकटा उरलो.'

मी संगणक सुरू केला.

आबांना आयातदाराचा नंबर काढून दिला. वयाच्या या टप्प्यावर ते 'खानझोडे, शोभिवंत मत्स्य आयातदार' झाले. त्यांच्या सौभाग्यवतीला, म्हणजे आजींना, हे इतकं आवडलं की त्यांनी कॉलनीत सांगितलं आणि दोन बायका झिंग्यांचा भाव विचारायला आल्या. पुढं अर्जात आयातीचं कारण निवडायचं होतं. विक्री, पैदास, संशोधन, प्रदर्शन, एवढेच पर्याय. शब्द दिला असा पर्याय नाही. मी म्हटलं, प्रदर्शन घ्या. आबा म्हणाले, ते असत्य कथन होईल. अर्धा तास आमची जुंपली. शेवटी मी विचारलं, तुमच्याकडे पाहुणे येतात का? येतात. त्यांना मासोळी दिसेल का? दिसेल. मग झालं ना प्रदर्शन. त्यांनी घरी जाऊन आजींकडून वदवून घेतलं, की आल्यागेल्याला मासोळी दाखवली जाईल, आणि मग सही केली.

दिल्लीहून पहिली हरकत आली: नगसंख्येत शून्ये लिहायची राहून गेली आहेत काय, खुलासा करावा. त्या बिचाऱ्या माणसाचंही बरोबर होतं. एका मासोळीसाठी कोण एवढा खटाटोप करतो? मी चिडले. आबा मात्र तो कागद हातात धरून मान डोलवत होते, बैठकीत चांगली तान ऐकल्यासारखे. 'बरोबर शंका काढली,' म्हणाले, 'मीही काढली असती.' दुसरी हरकत पशुवैद्याच्या दाखल्याच्या मसुद्यावर आली. शेजारणीनं डब्बूला ज्याच्याकडे नेलं, त्या तिकडच्या डॉक्टरनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की उजवा डोळा नाही, जखम जुनी व भरलेली. दिल्लीनं विचारलं, सदर डोळा कशामुळे गेला? आबांनी सईला समोर बसवून तिचा जबाब घेतला, त्याचं भाषांतर केलं, खाली 'समक्ष' म्हणून स्वतः सही केली. मी तो जशाच्या तसा संगणकावर अर्जासोबत चढवला. त्यावर मात्र हरकत आली नाही. मला अजून वाटतं, की दिल्लीतल्या त्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्या घरी एखादी नऊ वर्षांची पोर असणार.

या सगळ्यात महिने जात होते. सई रोज संध्याकाळी शाळेतून आली की विचारायची, आला का कागद. आबा म्हणायचे, कार्यवाही सुरू आहे. जन्मभर लोकांना हेच सांगितलेलं, तोंडात दुसरे शब्दच नव्हते. एक दिवस आजींनी मला फोनवर सांगितलं, 'कुंदाबाई, पोरीनं यांच्याशी बोलणंच सोडलं. ताटावर बसते तर पाठ करून बसते. हे मंग हॉलमध्ये एकटेच फाइल घेऊन बसून राह्यतात. मले पाहवत नाही वं.'

परवान्याच्या आधी विलगीकरणाची जागा दाखवावी लागते. आबांच्या घरी जागा कुठली? दोन बाथरूम होती, त्यातलं मागचं रिकामं केलं. मोरीला बूच, खिडकीला जाळी, स्टुलावर काचेची टाकी, टाकीत हवा सोडणारा पंप. दाराशी पाय बुडवायला लाल औषधाचं पाणी पाहिजे, त्यासाठी आजींनी माहेरची पितळी परात दिली. तपासणीला मत्स्य खात्याच्या ढोले मॅडम आल्या. तरुण मुलगी, चेहरा असा की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलं आहे. त्यांनी टेप लावून मापं घेतली, परातीत स्वतः पाय बुडवले आणि साडीवर पडलेल्या लाल डागाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आजी मला हळूच म्हणाल्या, आमच्या सासूबाई बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आत घेत नव्हत्या, तेव्हा आम्ही त्यांना नावं ठेवायचो.

मग प्रश्न आला देखभाल करणाऱ्या व्यक्तीचा. एकच माणूस आत जाणार, त्यानंच खायला घालायचं, पाणी बदलायचं. सई म्हणाली, मी. खरं म्हणजे त्या घरात मासोळीतलं कळणारी ती एकटीच होती. पण व्यक्ती सज्ञान पाहिजे. ढोले मॅडमनी आबांचं नाव लिहून घेतलं, ज्यांना मासोळी कोणत्या बाजूनं खाते एवढंही माहीत नव्हतं. सई उठून आत निघून गेली. आबा नियमावलीचं पान उलटत बसले.

मे महिन्यात डब्बू आला. मुंबईच्या विमानतळावरचे सोपस्कार आमच्या तिकडच्या माणसानं केले आणि आबा स्वतः थर्माकोलचा डबा घेऊन गाडीनं आले. खालच्या बर्थवर डबा ठेवला आणि स्वतः वरच्या बर्थवर चढले, या वयात. घरी सई दारातच उभी होती. डब्याला सरकारी पट्टी लावलेली. आबा डबा घेऊन तिच्या शेजारून गेले, परातीत पाय बुडवले, बाथरूमचं दार लावून घेतलं. तिला शेपटीसुद्धा दिसली नाही.

पुढचे दिवस ती पोर त्या दाराला टेकून बसलेली असायची. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. तिथंच पुस्तक वाचायची, तिथंच आमरस खायची. मी दोनतीनदा सहीसाठी गेले, तेव्हा माझा राग राग झाला. मी आबांना म्हटलंही, की एक मिनिट दार उघडून लांबून दाखवा, कोणाला कळणार आहे? आजीही म्हणाल्या. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं. आबा म्हणाले, नियम मोडला तर विलगीकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. किंवा मासोळी परत पाठवा, नाही तर नष्ट करा, असाही आदेश निघू शकतो. मग जूनमध्ये ती रिकाम्या हातानं जाईल. थोडे दिवस कळ काढली तर शब्द पुरा होतो. हिशेब बरोबर होता. पण ते बोलताना त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की मला पुढं भांडवेना.

डब्बूला थंड पाणी लागतं आणि मे महिन्यातलं नागपूर तुम्हाला माहीत आहे. आबांनी घरातला एकुलता एक कूलर, नवीन वाळा बसवून, बाथरूमच्या खिडकीला लावला. नागपुरात मे महिन्यात कोणाला आपला कूलर देणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून कळायचं नाही. आजी-आजोबा आणि नात ओले पंचे अंगावर घेऊन पंख्याखाली झोपायचे आणि मासोळी वाळ्याच्या वासात.

एका दुपारी मी विलगीकरण संपल्याच्या अर्जावर आबांची सही घ्यायला गेले होते. ढोले मॅडम दोन दिवसांनी यायच्या होत्या. आबा आत डब्बूला खायला घालत होते, सई दाराशी, मी आणि आजी हॉलमध्ये. आणि लाइट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, पंपाची घरघर थांबली. आम्ही वाट पाहिली. आजींनी शेजारी विचारून पाहिलं. ट्रान्सफॉर्मर उडाला होता, वेळ लागणार होता. बाथरूमवर पश्चिमेचं ऊन. जरा वेळानं आतून आबांचा आवाज आला, की मासोळी वर येऊन तोंड उघडते आहे. मग म्हणाले, आडवी होते आहे.

सई उठून उभी राहिली. दारावर हात मारून म्हणाली, मग्गा घ्या, टाकीतलंच पाणी वरून सोडा, उंचावरून, थांबू नका, आणि बर्फ पिशवीत बांधून टाकीत ठेवा, नुसता नको. आजींनी फ्रिजमधला बर्फ पिशवीत बांधला. आतून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला, मग तो तुटक झाला. आबांच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं होतं. हात वर जात नव्हता. मग्गा खाली पडल्याचा आवाज आला.

दार उघडलं. आबा घामानं निथळत होते, चष्मा नाकावर घसरलेला. सईकडे पाहून म्हणाले, 'मले नाही जमून राहिलं. तू ये.' ती धावली तसे ओरडले, 'पाय! पाय बुडव!' तिनं परातीत दोन्ही पाय बुडवले आणि आत गेली.

आम्ही दारातून पाहत होतो. पोरीनं मग्गा घेतला आणि टाकीतलं पाणी उंचावरून सोडायला लागली. आबा आजींनी दारातून दिलेली बर्फाची पिशवी टाकीत धरून बसले होते. ती मध्येच डब्बूशी इंग्रजीत काहीतरी बोलत होती. थकली की डाव्या हातात मग्गा घ्यायची. मी एवढी वर्षं जिवंत मालाचे कागद केले, पण त्यातला माल जिवंत आहे म्हणजे काय, ते मी त्या बाथरूमच्या दारात पाहिलं, आणि मला रडू आलं. लाइट आली तेव्हा मासोळी सरळ पोहत होती.

आता राहिला प्रश्न ढोले मॅडमचा. मी आबांना बजावलं. दोनदा बजावलं. मासोळी ठणठणीत आहे, पोरगी पाय धुऊन गेली, लाल औषध होतं, कोणाला काही झालेलं नाही. मॅडम येतील, मासोळी पाहतील, सही करतील. तुम्ही तोंड उघडायचं नाही. आजींनी तर देवासमोर शपथ घातली. आबांनी फाइलची नाडी बांधली, आणि मला वाटलं त्यांना पटलं. माणूस ओळखायला मी तशी कच्चीच.

ढोले मॅडम आल्या. पाय बुडवून आत गेल्या, मासोळी पाहिली, पाण्याचा नमुना तपासला, बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या. पेन काढलं. सईची बॅग भरून ठेवलेली होती. चार दिवसांनी तिचे आईवडील न्यायला येणार होते. आणि आबा उभे राहिले. दोन्ही हात बाजूला, वरिष्ठांसमोर उभे राहतात तसे.

'मॅडम, सही करण्यापूर्वी निवेदन आहे. विलगीकरण कक्षात परवा अनधिकृत व्यक्तीचा प्रवेश झाला. प्रवेश मी दिला.'

मी कपाळावर हात मारला. आजी स्वयंपाकघरात निघून गेल्या. सईला 'अनधिकृत' कळलं की नाही माहीत नाही, पण तिनं आबांकडे पाहिलं आणि मग ढोले मॅडमच्या हातातल्या पेनाकडे. आबांनी सगळं सांगितलं, लाइट गेल्यापासून आल्यापर्यंत, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, की चूक माझी आहे, मासोळीची नाही, तेव्हा नष्ट करण्याचा विचार करू नये.

ढोले मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, 'काका, तुम्ही नसतं सांगितलं तर मी आता सही करून गेली असती. आता मले ऐकू आलं न.' आबा म्हणाले, हो. त्या म्हणाल्या, मग विलगीकरण आजपासून पुन्हा सुरू. तेवढेच आठवडे. सईचा चेहरा पाहवेना. तिनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता. रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं.

मी काहीतरी बोलायला उठले, तेवढ्यात ढोले मॅडम त्याच कोऱ्या चेहऱ्यानं पुढं म्हणाल्या, की अजून एक आहे. विलगीकरणातल्या टाकीत नवीन जीव आला, तर त्याला परत बाहेर काढता येत नाही. जो संपर्कात आला तो त्याच गटातला. सगळा गट एकत्र ठेवायचा आणि मुदत संपली की एकत्रच सोडायचा. मग सईकडे बोट करून म्हणाल्या, 'ही संपर्कात आली आहे. हिला पुण्याले पाठवता येणार नाही. डब्बूसोबतच ठेवा लागन.'

असा नियम मासोळ्यांना आहे. माणसांना नाही. मला माहीत होतं, ढोले मॅडमना माहीत होतं, आणि आबांना तर नियमावली तोंडपाठ होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ढोले मॅडमकडेही नाही. फक्त म्हणाले, 'समजलं.' सई एव्हाना बॅग टाकून परातीपाशी पोचली होती. ढोले मॅडम निघाल्या. दारात मी त्यांचे आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, कसले आभार बाई, पुन्हा एकदा उन्हात यावं लागणार मला.

मी परत आत आले तेव्हा आबा मुलाला फोन लावत होते. सांगितलं, की सईला आत्ता पाठवता येत नाही, मासोळीसोबत शासनानं तिलाही थांबवून घेतलं आहे, शाळेला तसं कळव. पलीकडून मुलगा बराच वेळ बोलत होता. मग त्यानं विचारलं असावं, की असला आदेश कुठं आहे, दाखवा. ज्या माणसानं अख्ख्या नोकरीत लेखी असल्याशिवाय टेबलावरचा पेपरवेटही हलवला नसेल, त्या माणसानं चष्मा नाकावर नीट बसवला.

'तोंडी आहे,' आबा म्हणाले, 'पण पाळावा लागतो.'

फोन ठेवून त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, परातीत पाय बुडवले आणि आत गेले. सई म्हणाली, 'आबा, दार लावा.' त्यांनी लावून घेतलं.